पृष्ठ ४१२, तळटीप ७

अक्विलेयात नोव्हेंबरचं धुकं खाजणावरून येतं
आणि वाचनालयाच्या काचेला नाक लावून उभं राहतं.
आत नीवेस फुर्लान, वय एकसष्ट,
रोमनांच्या रोजच्या जगण्याचा कोश
शेवटाकडून रचते आहे.
पाचवा खंड. तिच्याकडे फक्त सूची.
कोण कुठे सापडेल, एवढंच.

बुटांच्या खोक्यांत कार्डं.
सम्राटांना अडीच खोकी:
त्यांचे विजय, आजार, सावत्र आया.
कांद्याला एक कार्ड.
मूत्र – पाहा: धोबी.
धोबी – पाहा: लोकर; पायांचे रोग.
पाव – पाहा: दंगली.
(पानिस, क्लाविस, पाकारे:
पोर्तुगिजांच्या गलबतांतून उतरून
आपल्याकडे पाव, चावी, पगार होऊन राहिलेत,
हे तिला ठाऊक नाही.
तिच्या सूचीत आपण नाही. असो.)

नीवेसची आई ग्रादोच्या कारखान्यात
डब्यांत सार्डिन भरायची.
बोटांचा वास रविवारीसुद्धा जायचा नाही.
म्हणून 'मासळी, खारवलेली' या कार्डावर
नीवेस जरा रेंगाळते.
कुणाच्या हातांनी?
कोशात रांजणांचे आकार आहेत. भाव आहेत.

मग ४१२वं पान, तळाशी, मुंगीएवढ्या टायपात:
शेताच्या बांधात सापडलेला थडग्याचा तुकडा.
कोरलेला कंगवा, एक आकडा.
मालकिणीचे केस विंचरणारी दासी,
जगली एकोणीस वर्षं.
नावाचा पुढचा भाग नांगराने नेला.
उरलंय शेपूट: …इस.

आता हिला लावायचं कुठे?
सूची माणसाला पहिल्या अक्षराने ओळखते.
पहिलंच अक्षर गेलेल्याला
वर्णमालेत दार नाही.
नीवेसने तिला 'कंगवे'खाली ठेवलं.
उठून कॉफी केली. परत आली.
'दासी'खाली ठेवलं;
तिथे आधीच बिननावाची गर्दी.
त्या संध्याकाळी तिची बस चुकली.

उदिनेहून प्राध्यापक तोमाझिन यांचा फोन:
सूची चाळीस ओळी जास्त झालीय, छाटा.
छाटते, म्हणाली.
एका सम्राटाच्या पोटाच्या तक्रारी काढल्या,
दुसऱ्याचे तीन घोडे,
तिसऱ्याचं वक्तृत्व (पाचही पोटनोंदी).
चाळीसच्या जागी एकेचाळीस ओळी गेल्या.
आणि सगळ्यात शेवटी,
शेवटच्या अक्षराच्याही पलीकडे,
जिथून कोशात नुसता कागद सुरू होतो,
तिथे तिने एक ओळ लावली:
…इस, केस विंचरणारी, १९. पृ. ४१२, टीप ७.
प्राध्यापकांच्या लक्षात आलं नाही.
सूचीच्या टोकापर्यंत जातं कोण?

मार्चमध्ये खंड आला. कडक पुठ्ठा, डिंकाचा वास.
तिने तो पालथा धरून मागून उघडला.
ओळ होती.
छापलं होतं: पृ. ४२१.

४२१वर सांडपाण्याची गटारं. आकृतीसह.

नीवेसने चष्मा काढला, पुसला, घातला.
आकडा तसाच.
मग खणातून शिसपेन्सिल घेतली, टोक केलं,
चार आणि एकच्या जागा बदलल्या,
बारीक, एखाद्या लहान मुलीचा भांग सरळ करावा तशा.

इतक्या महाग कोशाच्या प्रती फार नसतात.
एप्रिलभर दर शनिवारी ती बसने निघाली:
चेर्विन्यानो, ग्रादो, मग उदिने.
उदिनेच्या पहारेकऱ्याने हटकलं,
बाईसाहेब, पुस्तकात लिहायची परवानगी नाही.
लिहीत नाहीये, ती म्हणाली,
पत्ता दुरुस्त करतेय.

दूर गेलेल्या प्रतींचं काही करता येत नाही.
त्यांत ती अजून गटारांपाशी उभी आहे,
हातात कंगवा, शोधणाऱ्याची वाट बघत.
पेन्सिल नीवेसच्या पर्समध्ये असते.
खोडरबर तिने घरीच ठेवलंय.